दोन्ही तारा जिवंत

उत्तर न दिलेल्या पत्राचा एक मोठा गुण असा की ते कधीच जुने होत नाही. उत्तर दिलेली पत्रे पिवळी पडतात, फायलीत जातात, यथावकाश वाळवीच्या उपयोगी पडतात. उत्तर न दिलेले पत्र मात्र रोज सकाळी ताजे असते. तारकाकांच्या टेबलावर असे एक पत्र सतरा दिवस ताजे होते. पहिल्या आठवड्यात ते चष्म्याच्या डबीखाली होते, दुसऱ्या आठवड्यात शब्दकोशाखाली, आणि तिसऱ्या आठवड्यात शब्दकोशाच्या आत, ‘दिरंगाई’च्या पानावर. (पान काकांनी निवडले नव्हते. तिथेच उघडायची सवय कोशाला लागली होती.)

तारकाका म्हणजे तारखात्यातले कुणी नव्हेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही ते एका ऑपरेटिंग सिस्टिमचा एक लहानसा कोपरा घरबसल्या सांभाळत असत. महत्त्वाच्या यंत्राला संगणकांच्या जाळ्याशी जोडताना शहाणी माणसे एकच तार लावत नाहीत, दोन लावतात, आणि या दोन मिळून एकच आहेत असे यंत्राला पटवून देतात. एक तुटली तर काम दुसरीवरून चालू राहते. या धंद्यात याला बाँडिंग म्हणतात. (माणसांमध्येही ते होते असे ऐकिवात आहे.) आता तार मेली हे कळावे कसे, तर त्यासाठी एक पहारेकरी नेमलेला असतो. तो माणूस नसून प्रोग्रॅम असतो, म्हणून जागा राहतो. तो दर सेकंदाला तारेतून पलीकडच्या राऊटरला, म्हणजे सगळे निरोप पुढे धाडणाऱ्या डब्याला, हाक मारतो, ‘आहेस का?’ तारेवर काही ऐकू आले की पडद्यावरचा दिवा हिरवा, नाही आले की लाल. या पहारेकऱ्याचे पालकत्व बावीस वर्षे काकांकडे होते. या काळात त्यांचे जाहीर आभार एकदा मानले गेले, तेही प्रिंटरवाल्या गृहस्थांचे मानायचे होते म्हणून.

पत्र एका इस्पितळाच्या सर्व्हर खोलीत काम करणाऱ्या बाईंचे होते. अक्षर सरळ, शाई निळी, तक्रारीचा सूर कुठेही नाही. आणि म्हणूनच ते वाचवत नव्हते.

‘काका,’ त्यांनी लिहिले होते, ‘सगळे म्हणतात म्हणून मीही काका म्हणते. आमच्याकडे रक्ताचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून वॉर्डात संगणकावरून जातात. गेल्या महिन्यात एका दुपारी चाळीस मिनिटं एकही रिपोर्ट गेला नाही. राऊटर बंद पडला होता, दोन्ही तारा बिनकामाच्या झाल्या होत्या, पण माझ्या पडद्यावर दोन्ही दिवे हिरवे होते. वॉर्डातून फोन आला तेव्हा मी दिवे बघून सांगितलं, लाईन चालू आहे, तुमच्याकडेच काहीतरी असेल. एका पेशंटचं ऑपरेशन चाळीस मिनिटं थांबलं. ते वाचले, पण थोडक्यात. चौकशी समिती म्हणते, दिवा हिरवा होता म्हणजे तार ठीक होती. तार ठीक होती म्हणजे चूक माणसाची. आणि त्या खोलीत माणूस मी एकटीच. सध्या मला घरी बसवलं आहे. अठ्ठावीस तारखेला शेवटची सुनावणी आहे. मला फार काही नको. दिवा खोटा हिरवा राहू शकतो, एवढी एक ओळ तुमच्या सहीने कागदावर द्या. समितीला ई-मेल चालत नाही. मी तुमच्या सुधारणा मंडळाला तीन ई-मेल पाठवले. तिन्हींना एका सेकंदात उत्तर आलं की तुमचे पत्र मिळाले, ते आमच्यासाठी महत्त्वाचे आहे. त्यामुळे जरा धीर आला, पण ओळ काही आली नाही.’

दोष कुठे आहे हे काकांना पहिल्याच दुपारी कळले. पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या खणात त्यांनी तीन जुनी यंत्रे मांडली, एकमेकांना जोडली, आणि राऊटरची पिन काढली. दिवे हिरवे. काकांनी चष्मा पुसला. दिवे हिरवेच.

घडत होते ते असे. बाईंच्या खोलीत एकाच कपाटात अकरा यंत्रे होती. राऊटर मेल्यावर अकराही जणांनी नेमाप्रमाणे हाका मारल्या, ‘राऊटर, आहेस का?’ ही हाक तारेवरच्या सगळ्यांनाच ऐकू जाते. तेव्हा प्रत्येकाच्या कानावर उरलेल्या दहांची हाक आली. पहारेकऱ्याने एवढेच पाहिले की काहीतरी ऐकू आले. कुणाकडून आले, आणि ते उत्तर होते की दुसऱ्याचाच प्रश्न, हे पाहण्याची त्याला कुणी आज्ञा दिली नव्हती. अशा रीतीने अकरा यंत्रे चाळीस मिनिटे एकमेकांना ‘आहेस का’ विचारत अत्यंत निर्धास्त राहिली. ज्याला विचारत होती तो तेवढा नव्हता.

आज्ञा कुणी दिली नव्हती, हेही काकांनी शोधून काढले. संबंधित ओळ बावीस वर्षांपूर्वीची होती. तिच्या शेजारी, प्रोग्रॅम लिहिणारे मागाहून येणाऱ्यांसाठी ठेवतात तशी, एक टीप होती: ‘काहीतरी येत आहे, तेव्हा ठीक असावे.’ टिपेखाली काकांचे नाव होते.

दुरुस्ती नऊ ओळींची होती आणि ती त्यांनी एका बैठकीत केली. आता पहारेकरी पाहणार होता की बोलणारा तोच आहे ना ज्याला विचारले होते, आणि तो उत्तरच देतो आहे ना. राहिले पत्राचे उत्तर. ते मात्र एका ओळीचे असल्यामुळे अवघड होते.

पहिला मसुदा मागितल्याप्रमाणे एका ओळीचा झाला. तो काकांना उद्धट वाटला. दुसऱ्यात विचारपूस आली. तिसऱ्यात बाँडिंगचा थोडा इतिहास आला, आणि इतिहास आला की तळटिपा येतातच. चौथा मसुदा अकरा पानांचा होता. तो वाचून काकांना शंका आली की आपल्याला विषय नीट कळला आहे का, म्हणून पाचव्यात त्यांनी फक्त शंका मांडल्या. सहाव्यात ओळ परत आली, पण आता ती अशी होती: ‘विशिष्ट परिस्थितीत दिवा हिरवा राहणे अशक्यच आहे असे ठामपणे म्हणता येईलच असे नाही.’

काकूंनी तो मसुदा उभ्या उभ्या वाचला. काकू शाळेत तीस वर्षे भाषा शिकवून घरी बसलेल्या होत्या. शिकवणे मात्र चालूच होते.

‘‘दिवा खोटा राहू शकतो की नाही?’’

‘‘राहतो.’’

‘‘मग हे काय लिहिलंय?’’

‘‘तेच.’’

‘‘अहो, त्या बाईनं तुमच्याकडे एक ओळ मागितली. तुम्ही तिला कोडं घालताय. समितीत बसलेल्यांना हे वाचून पेंग येईल, आणि पेंगलेली माणसं नेहमी ‘दोषी’ लिहितात. सोपं असतं लिहायला.’’

‘‘आधी दुरुस्ती मंजूर होऊ दे,’’ काका म्हणाले. ‘‘नुसतं चूक आहे म्हणून सांगण्यापेक्षा, चूक होती, आता नाही, असं सांगता आलं तर...’’

‘‘तर तुम्हाला बरं वाटेल,’’ काकू म्हणाल्या, आणि मसुद्यातली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक लाल पेन्सिलीने दुरुस्त करून आत गेल्या.

दुरुस्ती मंजूर करण्याचे काम सुधारणा मंडळाकडे असते. मंडळाच्या कार्यक्षमतेविषयी बाहेर फार गैरसमज आहेत, म्हणून थोडी आकडेवारी देणे योग्य होईल. गेल्या वर्षी मंडळाकडे चारशे बारा तक्रारी आल्या आणि चारशे बाराही निकालात निघाल्या. पद्धत साधी आहे. तक्रारदाराने तीस दिवसांत पुन्हा लिहिले नाही, तर त्याची अडचण सुटली असे धरून तक्रार बंद होते. त्याने पुन्हा लिहिले, तर ती आधीच्याच तक्रारीची नक्कल ठरून बंद होते. आणि ‘माझ्या तक्रारीचे काय झाले’ असे त्याने विचारले, तर तो प्रश्न असल्यामुळे तक्रारीत मोडत नाही. या पद्धतीविरुद्ध आजवर एकही तक्रार प्रलंबित नाही.

दुरुस्ती सादर करण्याचा फॉर्म सहा पानी असतो. चौदाव्या रकान्यात विचारलेले असते: ‘या दुरुस्तीने काही बदलते काय? बदलत असल्यास का बदलावे, व बदलत नसल्यास का करावी?’ काकांनी तिथे ‘होय’ लिहिले आणि खूप वेळ विचार करून पुढे ‘क्षमस्व’ लिहिले.

नियमाप्रमाणे दुरुस्तीवर तीन जाणकारांचे अभिप्राय लागतात. ते चारच दिवसांत आले. पहिल्या जाणकाराने लिहिले, ‘हे कुणी पाहिले का?’ दुसऱ्याने लिहिले, ‘मीही हेच विचारणार होतो.’ तिसऱ्याने लिहिले, ‘वरील दोघांशी सहमत.’ अभिप्राय तीन भरले. कागदावर ‘सखोल तपासणी झाली’ असा शिक्का बसला आणि चोवीस तारखेची सभा ठरली. तेव्हा सुनावणीला चारच दिवस उरणार होते.

मंडळाची सभा तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत भरते. टेबल गुळगुळीत, प्रत्येकापुढे पाण्याची एक बाटली, आणि समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा. पडद्यावर मंडळाची सिस्टिम वापरणाऱ्या चार हजार एकशे साठ ठिकाणांचे चार हजार एकशे साठ दिवे. सगळे हिरवे. नवीन सदस्य पहिल्यांदा आत आला की दोन मिनिटे काही न बोलता पाहत राहतो. बरेच जण पुढेही तसेच राहतात.

‘‘मोठ्यानं बोला, काका,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘तुमचं काम चांगलं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे, ऐकू आलं पाहिजे एवढंच.’’

काकांनी घसा साफ केला आणि अकरा यंत्रांची हकीकत सांगितली. आधी ती त्यांनी घरी आरशापुढे दोनदा सांगून पाहिली होती. तिथे जास्त प्रश्न आले होते.

‘‘बरं,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘आज या घडीला बिघाड किती?’’

‘‘पडद्यावर शून्य.’’

‘‘आणि तुमची दुरुस्ती बसवल्यावर?’’

‘‘नक्की नाही सांगता येणार. तीस-चाळीस ठिकाणी दिवा लाल होईल.’’

‘‘म्हणजे तुमच्या दुरुस्तीमुळं चाळीस बिघाड होणार.’’

‘‘बिघाड आधीच आहेत, साहेब. फक्त दिसायला लागतील.’’

‘‘काका, आपण साधी माणसं आहोत,’’ अध्यक्ष समजुतीने म्हणाले. ‘‘दिसायला लागतात त्यालाच आपण झाले म्हणतो. उद्या वर्तमानपत्रवाला विचारेल, काल शून्य होते, आज चाळीस, मधे काय केलंत? मी काय सांगू? दुरुस्ती?’’

तेवढ्यात टिपणे घेणाऱ्या चिटणीस बाई हळूच म्हणाल्या, ‘‘सर, पडद्यावरचं घड्याळ सकाळपासून नऊ-वीसच दाखवतंय. काहीच हललेलं नाही.’’

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिले. बाहेर दुपारचे साडेबारा झाले होते.

‘‘स्थिर आहे,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘तसंच लिहा.’’

चिटणीस बाईंनी तसे लिहिले. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की पूर्वी एवढी स्थिरता नव्हती.

पण मंडळ आडमुठे आहे असे कुणी समजू नये. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली. सदस्य पाच होते. पहिल्याने हात वर केला तो घाम पुसायला, पण उरलेल्यांनी तो पाहिला होता. फक्त एक अट घातली गेली. दुरुस्ती सगळीकडे बसेल, पण बंद स्थितीत. ज्याला हवी त्याने ती आपल्या ठिकाणी चालू करून घ्यावी.

‘‘पण हवी आहे हे त्याला कळणार कसं?’’ काकांनी विचारले.

‘‘दिव्याची शंका आली की.’’

‘‘दिवा हिरवाच राहतो ना, साहेब. हाच तर दोष आहे. शंका येईल कुठून?’’

‘‘नाही आली तर उत्तमच की,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘ज्याला शंका नाही त्याला त्रास नाही.’’

यात तर्काची चूक कुठे आहे ते काकांना दाखवता येईना, आणि नेहमीप्रमाणे त्यांना वाटले की चूक आपल्यातच असेल. ते खाली बसणार, तोच चिटणीस बाईंनी एक कागद पुढे केला. इस्पितळातल्या बाईंना मंडळातर्फे उत्तर तयार होते. ‘आपल्या पत्राची योग्य ती दखल घेण्यात आली आहे. आमच्या नोंदींनुसार सदर दिवशी दोन्ही दिवे हिरवे होते.’

काकांनी ते दोनदा वाचले. ‘‘हे तर समितीचंच म्हणणं झालं.’’

‘‘खरं नाही का?’’

‘‘खरं आहे. पण यानं त्यांची नोकरी जाईल.’’

‘‘आपण नोकरीविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही, काका. दिव्यांविषयी लिहिलंय.’’ अध्यक्षांनी सही केली आणि पेनाचे टोपण लावले. ‘‘आणि हे बघा, तुमचा स्वभाव हळवा. तुम्ही स्वतः काही लिहून वगैरे देऊ नका. बावीस वर्षांचं पालकत्व आहे. उगाच फेरविचार करायची वेळ आमच्यावर आणू नका.’’

काका घरी आले ते तडक कपाटाच्या खालच्या खणापाशी जाऊन बसले. तिन्ही यंत्रे चालू होती, दिवे हिरवे होते, राऊटरची पिन अजून काढलेलीच होती. पालकत्व गेले तर काय जाईल याची त्यांनी मनात यादी केली. मान कधीच नव्हता. पगारही नव्हता. पण सकाळी उठल्यावर जगात कुठेतरी आपला पहारेकरी जागा आहे ही जाणीव होती, आणि या वयात त्या जाणिवेवर माणूस आंघोळ करून कपडे बदलतो. यादी एकाच कलमाची निघाली, पण ते लांब होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काका फोनच्या शेजारीच बसले होते, म्हणून काकूंना स्वयंपाकघरातून यावे लागले.

‘‘हॅलो... हो, त्यांचंच घर... अगं बाई, तुम्ही का! बोला ना... नाही, आहेत की. इथेच आहेत. हाताएवढ्या अंतरावर... नाही, आवाज ठीक आहे त्यांचा, नुसते बोलत नाहीत... हो. हो ना... केव्हा?’’ काकूंचा आवाज उतरला. ‘‘टेबलपण काढून घेतलं? आणि किल्ल्या मागून घेतल्या?... नोकरीला किती वर्षं म्हणालात, एकोणीस?... मंडळाचं उत्तर आलं तुम्हाला, ई-मेलनं? काय लिहिलंय... हं... हं... नाही, नाही, तुमचं काही चुकलं नाही विचारण्यात... त्यांना काय सांगू?’’

काकूंनी फोन काकांपुढे धरला. काकांनी मान हलवली. ही मान होकाराची की नकाराची हे चव्वेचाळीस वर्षांनंतरही काकूंना ठरवता येत नसे. त्यांनी फोन परत कानाला लावला.

‘‘ते मान हलवतायत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हाला दिसत नाही ते बरं आहे.’’

फोन ठेवून काकू समोरच्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘ती मला विचारत होती, काकांची तब्येत बरी आहे ना. तिला वाटलं, आजारी असाल म्हणून उत्तर आलं नाही.’’

‘‘मी रोज लिहीत होतो,’’ काका म्हणाले.

‘‘मला माहीत आहे. तिला कसं माहीत असणार? रोज टेबलाशी बसता, कागद फाडता, उसासे टाकता. घरात एवढी खळबळ, की मलाच वाटायला लागलं उत्तर जातंय.’’

काका उठले. कोश उघडून त्यांनी पत्र काढले आणि शेवटचे एकदा वाचले. कोरा कागद घेतला. ‘दिवा खोटा हिरवा राहू शकतो,’ त्यांनी लिहिले. तिथे थांबायचे होते. ओळ पुरी झाली होती. पण समितीतला कुणी विचारील की तुम्हाला कसे माहीत, असे वाटून त्यांनी खाली आणखी लिहिले: ‘तो तसा राहतो, कारण बावीस वर्षांपूर्वी मी तो चुकीचा केला. त्या दुपारी खोलीत बाई एकट्या नव्हत्या, मीही होतो. चूक माझी आहे, त्यांची नाही.’ खाली सही, तारीख आणि, समित्या कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर असतात म्हणून, पूर्ण पत्ता.

काकूंनी कागद हातात घेतला. लाल पेन्सिल कानामागे होती, ती तिथेच राहिली.

‘‘मंडळाला कळवणार?’’

‘‘त्यांना एक प्रत पाठवतो.’’

‘‘पालकत्व काढतील.’’

‘‘काढतील,’’ काका म्हणाले. ‘‘पण आधी तीन जणांचे अभिप्राय लागतात.’’

आपण विनोद केला हे त्यांना काकू हसल्यावर कळले.

सव्वीस तारखेला सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच काका दारात उभे होते. पुढे कुणी नसूनही ते रांगेत असल्यासारखे उभे होते. खिडकीतल्या पोस्टबाईंनी पाकीट उलटेसुलटे करून पाहिले.

‘‘उद्या पोचायला हवंय?’’

‘‘परवा सुनावणी आहे.’’

‘‘मग जलद टपालानं टाका. पोचलं की नाही ते बघायचं असेल तर या नंबरवर बघा.’’ त्यांनी पावती दिली. ‘‘बघत कुणी नाही म्हणा.’’

त्यांनी शिक्का मारला, पाकीट मागच्या पेटीत टाकले, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज झाला.

बाईंची नोकरी राहिली का, समितीने ती ओळ वाचली का, पाकीट अठ्ठावीसच्या आत पोचले का, हे या मजकुरात कुठेही सांगितलेले नाही. तरीही तो आवाज ऐकून ज्या वाचकाने ‘चला, झालं एकदाचं’ म्हणून सुस्कारा सोडला असेल, त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लावायला मंडळाची काही हरकत नाही.